शिमग्याचा खड्डा : आंब्याच्या नोंदी आणि अकोल्याची डेव्हलपर

रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावस-गणेशगुळे पट्ट्यात आमची हापूस बागायतदारांची एक उत्पादक कंपनी आहे. ४६ सभासद, एक पॅकहाऊस, एक वजनकाटा आणि मी. हिशेब, संगणक, वीज गेल्यावर इन्व्हर्टर, सगळं माझ्याच गळ्यात. २०२१ च्या हंगामापासून आम्ही रोजची तोड लिहून ठेवतो: कोणती बाग, तारीख, किती पेट्या, किती डझनी. वाशीहून दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की पुढच्या रकान्यात भाव चढतो.

नोंदी होत्या, पण त्यांचं काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. जून २०२३ च्या बैठकीत अध्यक्ष काकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी कोणाचा आंबा कधी येणार, आणि वाशीची गाडी कधीपासून लावायची, एवढं तुझ्या एक्सेलमधून सांगता येईल काय?" मी हो म्हणालो. तीन दिवस पिव्होट टेबलशी झटापट केली आणि एक रंगीत रेघ काढली, जिच्यातून कोणालाही काहीही कळलं नाही.

तयार डॅशबोर्डची फुकट साधनंही वापरून बघितली. त्यांची अडचण वेगळी होती. त्यांना तारखेचा आडवा अक्ष कळतो, आंबा मात्र तारखेने चालत नाही. कोकणात मोहोर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो. थंडी लांबली की पुनर्मोहोर येतो आणि आधी धरलेली बारीक फळं गळतात. फळ धरल्यापासून तोडीपर्यंत साधारण साडेतीन महिने लागतात. म्हणजे एकाच बागेत तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात. आम्हाला हवा होता तो अक्ष "फळधारणेपासूनचे दिवस" असा, मोहोराच्या टप्प्यागणिक वेगळा, आणि शेजारी डझन आणि भाव. हे कुठल्या तयार मेनूत नव्हतं, म्हणून मुद्दाम बनवून घ्यायचं ठरलं. इथे गावात असं काम करणारं कोणी नाही, त्यामुळे माणूस दूरचाच शोधावा लागणार होता.

पहिला प्रयत्न

पहिला डेव्हलपर आम्ही त्याची जुनी कामं बघून घेतला. कामं खरंच देखणी होती: फिरणारा पृथ्वीचा गोल, उडणारे ठिपके, अंधाऱ्या पार्श्वभूमीवर निळ्या रेघा. आमचे सगळे संचालक पाहत राहिले. मीही. आता कळतं, त्यातलं निम्मं तयार साच्यातलं होतं आणि एकातही विस्कटलेली, अर्धवट, माणसांच्या हातची माहिती नव्हती.

पैसे निम्मे आगाऊ दिले. अडीच महिन्यांनी एक दुवा आला. ऑफिसच्या वाय-फायवर झकास चालला. मग मी मोबाईल घेऊन मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गेलो. तिथे रेंजची एकच काडी येते, आणि आमचे निम्मे सभासद दिवसभर तशाच जागी असतात. पान उघडायला सुरुवात झाली. मी एक विडी ओढून संपवली (डॉक्टरांना सांगू नका), तरी पांढरा पडदाच. त्रिमिती आकृत्यांचं एक अवजड ग्रंथालय (म्हणजे तयार कोडचा संच) त्याने केवळ सुरुवातीच्या एका फिरत्या आंब्यासाठी जोडलं होतं.

ते एकवेळ चाललं असतं. खरी फजिती डझनांनी केली. पेटी पाच डझनी की सात डझनी, यावर भाव ठरतो. फळ मोठं तर पेटीत डझन कमी, आणि भाव जास्त. त्या भल्या माणसाने "७" ला गडद केशरी आणि "४" ला फिकट पिवळा दिला होता. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असा त्याचा सरळ हिशेब. आमच्या सगळ्यात बारीक फळाच्या बागा पडद्यावर सोन्यासारख्या चमकत होत्या. त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं. दोष अर्धा अर्धा.

दुरुस्ती मागितली तर उत्तरं उशिरा यायला लागली आणि पुढे बंदच झाली. मूळ कोड आमच्याकडे नव्हता. होती ती फक्त एकत्र दाबून बारीक केलेली फाईल, तीही त्याच्याच नावाच्या होस्टिंगवर. वर्षाचं भाडं संपलं आणि पान गेलं.

त्या वेळी आम्ही जिल्ह्यातल्या एका वकिलांना विचारलं, तेव्हा कळलेली गोष्ट इथे लिहितो, कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते. पैसे आपण दिले म्हणून कोड आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणारा असतो. बाहेरून करार करून काम करणाऱ्याचं तसं नाही. तिथे हक्क लिहून हस्तांतरित करून घ्यावे लागतात. आणि लिहितानाही कलम १९ बघून लिहायचं: मुदत लिहिली नाही तर हस्तांतर ५ वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. आमच्याकडे तर दोन ओळींचा ईमेल होता.

तिघांना एकच वही

२०२४ चा हंगाम संपल्यावर पुन्हा सुरुवात केली. या वेळी जुनी कामं बघितली, पण त्यावर निर्णय घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. नऊ जणांशी फोनवर बोललो. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्ही केलेल्या कामातलं फसलेलं चित्र दाखवा, आणि ते का टाकून दिलं ते सांगा. चार जणांकडे फसलेलं काहीच नव्हतं. त्यांना धन्यवाद दिले.

उरलेल्यांतून तिघे निवडले आणि तिघांना आमची खरी वही दिली. २०२१ ते २०२४, चार हंगाम, जशी होती तशी. सभासदांची नावं काढून फक्त बाग क्रमांक ठेवले, कारण कोणाच्या बागेत किती पिकलं ही गावात चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. काम एवढंच: यातून एक चित्र काढा, कोणतंही. मुदत आठवडाभर, प्रत्येकी ५,००० रुपये, निवड होवो न होवो. फुकट चाचणी मागू नका, हे मी कोणालाही सांगेन. फुकटात चांगला माणूस एक संध्याकाळ देतो, आणि एका संध्याकाळात तो आपली वही वाचत नाही.

वही साफ करून दिली नाही ती मुद्दाम. २०२१ ची पानं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली होती, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर "पावस" ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. काही दिवस रकाना रिकामा, काही दिवस शून्य, काही ठिकाणी नुसती आडवी रेघ. तीन वेगळ्या माणसांनी लिहिलं, तीन सवयी.

पुण्याच्या मुलाचं काम पहिलं आलं. नेटकं, मऊसर वळणाच्या रेघा. सोबत टीप: २०२१ च्या मे महिन्यातला आकडा एकदम शून्यावर येतो, तो विसंगत वाटल्याने काढून रेघ पुढे जोडली आहे. मी ती टीप दोनदा वाचली. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं. झाडावर होता नव्हता तो आंबा त्या एका दिवसात खाली आला, कलमं मोडली ती वेगळी. हंगाम तिथेच संपला. त्याच्या रेघेत मात्र आम्ही मेअखेरपर्यंत सुखाने आंबा काढत होतो.

दुसरा बेंगळुरूचा, दहा वर्षांच्या अनुभवाचा. कोड त्याचा तिघांत सगळ्यात स्वच्छ होता, हे मी आजही मान्य करीन. बोटाने सरकवलं की हंगामामागून हंगाम उलगडत जायचे. पण रिकामा रकानाही शून्य आणि शून्यही शून्य. एकही प्रश्न न विचारता त्याने पाचव्या दिवशी काम पाठवलं होतं.

तिसरी अकोल्याची. तिचं चित्र राखाडी, कंटाळवाणं, चौकोनांची जाळी: उभ्या ओळीत बागा, आडव्या ओळीत दिवस, तोड झाली तो चौकोन गडद. रिकामे चौकोन तिने शून्यापासून वेगळे ठेवले होते, आत तिरप्या रेघा मारून. चित्रासोबत अकरा प्रश्नांची यादी होती. डझनांचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर: "डझन जास्त म्हणजे फळ मोठं की लहान?" आणि एक आवाजी निरोप, खास वऱ्हाडीत: "दादा, हा मार्चमधला खड्डा दर वर्षी काऊन सरकते?"

मी चित्र पुन्हा उघडलं. मार्चमध्ये खरंच तिरप्या रेघांचा एक पट्टा होता, जवळजवळ सगळ्या बागांमध्ये एकाच वेळी. तिने तारखाही काढल्या होत्या. २०२१ मध्ये तो २८ मार्चच्या आसपास सुरू व्हायचा, २०२२ मध्ये १७ ला, २०२३ मध्ये ६ ला. दर वर्षी ११ दिवस मागे. आणि २०२४ मध्ये एकदम १८ दिवस पुढे जाऊन २४ मार्चला. तिने विचारलं होतं, काटा नादुरुस्त व्हायचा का, की मजूर पाळीने सुट्टीवर जायचे?

मी ऑफिसात एकटाच हसलो. तो शिमगा होता. होळी पेटली की आमच्याकडे गडी तोडीला येत नाही; पालखी सहाणेवर येते, मग घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, आणि आमचा काट्यावरचा मुलगा पालखीच्या खांद्याला. चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान म्हणून सण मागे येतो, आणि २०२३ ला अधिक श्रावण पडला म्हणून पुढच्या वर्षी पुढे गेला. २०२१ चा पट्टा तिला अरुंद दिसला होता, तोही बरोबर: करोनाच्या निर्बंधांमुळे त्या वर्षीचा शिमगा आटोपशीर झाला.

चार वर्षं ती वही माझ्या हाताखाली होती आणि मला तो खड्डा दिसला नव्हता. दिसला असता तरी मी विचारलं नसतं, कारण शिमग्याला काम बंद हे मला विचारण्यासारखं वाटलंच नसतं. आधी मला वाटायचं की डेव्हलपर कोकणातलाच मिळाला तर बरं, आंबा समजावून सांगायला नको. आता तसं वाटत नाही. समजावून सांगतानाच मला कळलं की गेल्या वर्षीच्या तारखेशी यंदाची तारीख जोडून मार्चची तुलना करणं साफ चूक होतं, आणि ती तुलना मी दोन बैठकांत छातीठोकपणे मांडली होती.

बैठकीत संचालकांना तिन्ही चित्रं दाखवली. सगळ्यांनी बेंगळुरूच्या चित्राला पसंती दिली. अकोल्याचं चित्र बघून खजिनदार काका म्हणाले, "हे काय, दळणाची जाळी?" अर्धा तास वाद झाला. देखणं चित्र किती खोटं बोलू शकतं ते दाखवायला शेवटी मी पुण्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हटलं, तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी आपण किती पेट्या भरल्या ते यात बघा. कोणी बोललं नाही. काम अकोल्याला गेलं.

काम चालू असताना

चार टप्पे, प्रत्येक टप्प्याला पैसे, पॅन घेऊन टीडीएस कापून. कोडची जागा पहिल्या दिवसापासून कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर. अकोल्याची ताई तिथे येऊन काम करायची, म्हणजे तिने उद्या सोडलं तरी घर आमचंच. करारात हक्कांचं हस्तांतर कायमचं आणि जगभरासाठी, असं स्पष्ट लिहिलं. तिने स्वतः एक कलम घालून घेतलं, की नावं आणि आकडे झाकून तिला हे काम दुसऱ्यांना दाखवता येईल. रास्त होतं.

तंत्राची निवड तिने फोनवर समजावली ती मला पटली. जाळीत एका हंगामाचे ४६ बागा गुणिले शंभरेक दिवस, म्हणजे ४,६०० चौकोन. चार हंगामांचे अठरा हजारांवर. एसव्हीजीमध्ये (ब्राउझरमध्ये आकृत्या काढायची एक पद्धत) प्रत्येक चौकोन ही पानावरची स्वतंत्र वस्तू असते, आणि स्वस्त मोबाईल एवढ्या वस्तू सांभाळताना दमतो. म्हणून चौकोन कॅनव्हासवर रंगवायचे, म्हणजे ब्राउझरच्या लेखी ते एकच चित्र. अक्ष आणि अक्षरं तेवढी एसव्हीजीत. बोट कुठे टेकलं त्यावरून बाग आणि दिवस कोणता ते गणिताने काढायचं. आकडेमोडीला आणि अक्षांना तिने डी-थ्री हे आकृत्यांचं ग्रंथालय वापरलं, तेही हवे तेवढेच तुकडे. त्या सड्यावर जाऊन मी पुन्हा उघडलं. विडी पेटवायच्या आत पान आलं.

डी-थ्रीचा एक मासला मात्र सांगितला पाहिजे. हे ग्रंथालय मुळात अमेरिकेतलं, त्यामुळे आकड्यात स्वल्पविराम आपोआप तीन-तीन अंकांवर पडतो. पहिल्या नमुन्यात वाशीची एकूण रक्कम "१,२५०,०००" अशी आली. खजिनदार काकांनी चष्मा वर केला, "अरे, हे साडेबारा लाख की सव्वा लाख?" लाख-कोटीची पद्धत वेगळी सांगावी लागते: पहिला गट तीन अंकांचा, पुढचे दोन-दोन. पाच मिनिटांचं काम, पण ज्याने मराठी हिशेब वाचणारा माणूस समोर ठेवलेला नाही त्याला ते सुचत नाही.

पीडीएफने जास्त रडवलं. सभासदांना छापील कागद लागतो, तो पडवीत खुंटीला अडकवतात. तिने आधी पीडीएफ बनवणारं एक तयार ग्रंथालय वापरलं, आणि कागदावर "रत्नागिरी" मधला त्न तुटून वेगळा पडला, गि ची वेलांटी ग च्या पलीकडे गेली. देवनागरीची अक्षरं नुसती एकापुढे एक मांडून चालत नाहीत, जोडाक्षर घडवावं लागतं, आणि ते घडवणं त्या ग्रंथालयाला येत नव्हतं. दोन आठवडे खटपट करून तिने ते काढूनच टाकलं. ब्राउझरला ते येतं, म्हणून सरळ ब्राउझरच्याच छपाईतून पीडीएफ काढायची सोय केली. दिसायला साधी, अक्षर शाबूत.

रंगांवरून एक मजा झाली. मी लाल-हिरवं मागितलं होतं: कमी भाव लाल, चांगला हिरवा. तिने विचारलं, संचालकांत लाल-हिरवा फरक न कळणारं कोणी आहे का? मी म्हटलं, छे. बैठकीत सहज विषय काढला तर एक ज्येष्ठ बागायतदार शांतपणे म्हणाले, "मला. लहानपणापासून." चाळीस वर्षं हापूसचा धंदा, आढीतला आंबा ते वासाने आणि बोटाने ओळखतात, कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. निळा आणि नारिंगी घेतला.

गोल चकतीसाठी, म्हणजे पाय चार्टसाठी, संचालक अखेरपर्यंत अडून होते. वाटणी म्हटली की माणसाला भाकरीचे तुकडेच दिसतात. ताईने १९८४ चा एक प्रयोग सांगितला: क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोघांनी माणसांना आकृत्या दाखवून मोजलं, तर एकाच पट्टीवरच्या लांबीचा अंदाज लोक कोनापेक्षा जास्त अचूक करतात असं दिसलं. संचालकांना अमेरिकेचं काही सांगून उपयोग झाला नाही. मग तिने सात बागांची चकती आणि त्याच सात बागांचे आडवे दांडे शेजारी ठेवून पाठवले, आकडे झाकून, आणि विचारलं: तिसरा मोठा कोणाचा? चकतीवरून तीन उत्तरं आली. चकती गेली.

सगळं गोड नव्हतं. जून-जुलैत आमच्याकडे वीज दिवसदिवस नसायची, तिचे निरोप साचत. दोनदा मी मुदत चुकवली, तिने नाही. आणि मूळ मागणी, तो फळधारणेपासूनच्या दिवसांचा अक्ष, पूर्ण झालेलाच नाही. अक्ष तिने काढला. पण त्यासाठी प्रत्येक बागेच्या प्रत्येक मोहोराची तारीख लागते, आणि ती ४६ पैकी अकरा जणच लिहितात. बाकीचे म्हणतात, "धरला तेव्हा धरला." हे कोणत्याही डेव्हलपरच्या हातातलं काम नाही, माझ्या हातातलं आहे, आणि मी ते अजून केलेलं नाही. अकरा बागांसाठी मात्र वाशीची गाडी कधी लागेल याचा अंदाज आता बऱ्यापैकी येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये काम हातात आलं. जाळीत शिमगा आता वेगळा छापलेला असतो, तिरप्या रेघा आणि वर बारीक अक्षरात नाव, म्हणजे तो पट्टा बघून कोणी घाबरत नाही. वर्षांची तुलनाही होळीपासूनचे दिवस मोजून करता येते.

मार्च २०२५ मध्ये होळी १३ ला होती. १७ तारखेला, पालखी आमच्या अंगणात नाचून गेल्यावर, मी घामेजल्या हाताने फोन बघितला. अकोल्याहून निरोप: "दादा, शिमग्याच्या पट्ट्यात ३१ नंबरच्या बागेत दोन दिवस तोड दिसते आहे. चुकून भरली का?" मीही आधी चूकच समजलो. त्या बागेच्या मालकांना फोन लावला, ते देवळात, उचलेनात. मग बागेतल्या राखणदाराला लावला. तो नेपाळचा, पाच हंगाम इथेच. म्हणाला, साहेब, तुम्ही सगळे पालखीला गेलात, काट्यावर कोणी नव्हतं, आंबा तर तयार झाला होता. म्हणून मीच काढला, मोजला, आणि पेटीच्या झाकणावर कोळशाने लिहून ठेवला. मालकांच्या मुलाने फोटो काढून तुम्हाला पाठवला. मी ताईला कळवलं: खरी आहे, राहू दे.